वाचकांचे प्रश्न: जुना लॅपटॉप, पोराचा गेम आणि बाबांचे लेख

मागच्या महिन्यात या पानावर आवाहन केलं होतं की कॉम्प्युटर, गेम्स, पुस्तकं यातलं जे काही रोजच्या जगण्यात अडतंय ते विचारा. पत्रं भरपूर आली. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, सोळा वर्षं झाली, दिवसभर सर्व्हर सांभाळायचं काम, महिन्यातला एक आठवडा ऑन-कॉल म्हणजे रात्री तीनला पण फोन वाजू शकतो. घरी एकच मोठं टेबल आहे, त्याच्यावर दोन मशीन, कंट्रोलर, आणि उरलेल्या जागेत पुस्तकांची चळत. त्यामुळे जे सांगतोय ते त्या टेबलावर बसून स्वतः करून बघितलेलं आहे. सहा पत्रं घेतलीत, उत्तरं कमीजास्त लांब झालीत कारण प्रश्नच तसे होते.

प्रश्न: माझा लॅपटॉप २०१५ चा आहे. ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. चालू व्हायला चार-पाच मिनिटं लागतात, ब्राउझर उघडला की बाकी सगळं अडकतं. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट संपला असा मेसेज येतो. दुकानदार म्हणतो बोर्ड जुना झालाय, नवीनच घ्या. मी शिकवण्या घेतो, नवीन लॅपटॉप आत्ता परवडणार नाही. (एक शिक्षक, सातारा)

सर, लॅपटॉप टाकू नका, आधी एक गोष्ट बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन डिस्कचा आकडा बघा, मशीन चालू केल्यावर पहिली दहा मिनिटं तो १०० टक्क्यांवर चिकटून बसलेला दिसेल असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतंय. तसं असेल तर बोर्डाचा काहीच दोष नाही, हार्ड डिस्क दमलेली आहे.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरत असते, लॅपटॉपमध्ये बहुतेक मिनिटाला ५४०० फेऱ्या, आणि एक बारीक दांडा पुढेमागे जाऊन त्या तबकडीवरून माहिती वाचतो, ग्रामोफोनच्या पिनसारखा. विंडोज चालू होताना हजारो छोट्या छोट्या फायली वेगवेगळ्या ठिकाणाहून वाचायच्या असतात तेव्हा सगळा वेळ त्या दांड्याच्या धावपळीत जातो. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, नुसत्या चिप्स, त्यामुळे ही धावपळच संपते. तुमच्या लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी बसेल, २५६ जीबीची पुरे आहे. मी माझ्या २०१३ च्या मशीनला ती बसवली तेव्हा चार मिनिटांचं काम पंचवीस सेकंदांवर आलं, मी स्वतः घड्याळ लावून बसलो होतो, आणि ते मशीन आजही माझ्या आईकडे चालू आहे, ती त्याच्यावर कीर्तनं ऐकते.

एसएसडीनंतर रॅम. ४ ची ८ करा. पण त्या काळात काही लॅपटॉपना डीडीआर३एल लागायची आणि काहींना डीडीआर४ यायला लागली होती, दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात, म्हणून मागचं झाकण उघडून जुन्या रॅमवरचा स्टिकर वाचा, त्याचा फोटो काढा आणि तो दाखवूनच नवीन घ्या. काही पातळ मॉडेल्समध्ये रॅम बोर्डालाच डाग दिलेली असते, ती बदलता येत नाही, तसं निघालं तर नुसत्या एसएसडीवर थांबा, तरी फरक पडेल. आणि डीव्हीडी ड्राइव्ह असेल (२०१५ च्या बऱ्याच लॅपटॉपना असायचा) तर तो काढून त्या जागी कॅडी मिळते, तिच्यात जुनी हार्ड डिस्क बसवता येते, म्हणजे फोटो वगैरे तिथेच राहतात. अर्थात ती डिस्क म्हातारी आहे, महत्त्वाचं काही फक्त तिच्यावर ठेवू नका.

आता विंडोज १०. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं आहे. मशीन बंद पडणार नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं, आणि तुम्ही त्याच्यावरून बँकेचे व्यवहार करत असाल तर ते बरं नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, तुमचा त्यात बसत नाही. माझा सल्ला लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट सिस्टीम, त्यातली एक्सएफसीई आवृत्ती, हलकी आहे. पेन ड्राइव्हवर टाकून आधी तशीच चालवून बघता येते, इन्स्टॉल न करता, त्यामुळे वायफाय चालतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर ओळखतोय का हे सगळं आधी कळतं. स्टार्टसारखं बटण खाली डावीकडेच आहे, वर्ड-एक्सेलसारखं लिबरऑफिस त्यात येतंच, मराठी टायपिंग सेटिंगमधून चालू होतं. फक्त तुम्ही टॅलीसारखं फक्त विंडोजवर चालणारं काही वापरत असाल किंवा डिजिटल सहीचा डोंगल लावत असाल तर घाई करू नका, त्यासाठी कुठलं दुसरं मशीन मिळतंय का ते आधी बघा. शिकवण्यांना, व्हिडिओ कॉलला, प्रश्नपत्रिका टाईप करायला मिंट व्यवस्थित पुरतं.

प्रश्न: मराठी टायपिंगसाठी इन्स्क्रिप्ट शिकू की इंग्रजी स्पेलिंग टाकून मराठी येणारं फोनेटिक वापरू? (कॉलेज विद्यार्थिनी, लातूर)

आठवड्यातून चार मेसेज करायचे असतील तर फोनेटिक. लिखाण करायचं असेल, नोकरीत मराठी लागणार असेल, तर इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली कीबोर्डची मांडणी, आणि आत्ताच शिक. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, म्हणजे मराठी लिहिताना दोन्ही हात आलटून पालटून चालतात आणि लय लागते. १९८६ पासून हे चालत आलंय, विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे आहे, आणि कन्नड, गुजराती, बंगाली शिकलीस तरी क च्या जागी तिथला क च आहे. मला तीन आठवडे लागले, रोज वीस मिनिटं. पहिला आठवडा वैतागाचा असतो, तेवढा काढ.

प्रश्न: मुलगा बारा वर्षांचा आहे. शाळेतून आला की गेम. बंद कर म्हटलं की आरडाओरडा, एकदा तर ताट ढकललं. त्याचे बाबा म्हणतात फोनच काढून घेऊ. मला स्वतःला गेममधलं काहीच कळत नाही, त्यामुळे नक्की काय थांबवायचं तेच समजत नाही. (एक आई, नाशिक)

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण 'गेम' हा एकच शब्द आपण फार वेगवेगळ्या गोष्टींना लावतो आणि तिथेच गोंधळ होतो.

आधी त्या आरडाओरड्याबद्दल. तो कुठला गेम खेळतो ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण बॅटल रॉयल प्रकारातला असेल, म्हणजे बरेच जण एका बेटावर उतरतात आणि शेवटी एकच टीम उरते तसा, तर त्याची एक मॅच वीस ते तीस मिनिटं चालते, ती थांबवता येत नाही, आणि त्याचे तीन मित्र त्याच वेळी त्याच्या भरवशावर खेळत असतात. मध्येच उठला तर ते तिघं हरतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याला ऐकून घ्यावं लागतं. गल्लीत क्रिकेट चालू असताना शेवटच्या ओव्हरला बॉलरला घरात ओढून नेलं तर तो जसा चिडेल तसंच हे आहे. ताट ढकलणं चूकच, त्याबद्दल त्याला शांतपणे बोला, पण 'आत्ताच्या आत्ता बंद' ऐवजी 'ही मॅच संपली की बंद, पुढची लावायची नाही' हा नियम करून बघा. जेवणाच्या अर्धा तास आधी जाऊन सांगायचं, पुढची लावू नकोस म्हणून. माझ्या भाच्याच्या बाबतीत नुसत्या एवढ्यानेच भांडणं निम्म्यावर आली, कारण नियम त्याला न्याय्य वाटला.

माइनक्राफ्टसारखा गेम असेल तर तो कधीही सेव्ह करून बंद करता येतो, तिथे ही सबब चालणार नाही. पण तो खेळत असेल तर एकदा त्याच्याशेजारी बसा आणि त्याने काय बांधलंय ते दाखवायला सांगा. त्याच्यात रेडस्टोन नावाची एक वस्तू आहे, तिच्या तारा जोडून दार आपोआप उघडणारं, दिवा लागणारं असं काय काय करता येतं, आणि ते करताना मुलं 'हे आणि ते दोन्ही असेल तरच' किंवा 'हे नसेल तेव्हाच' असा विचार करायला लागतात. मी ऑफिसात जो कोड लिहितो त्याचा पाया नेमका हाच आहे. हे बघितल्यावर तुमच्या लक्षात येईल की सगळाच वेळ वाया जात नाहीये.

खरी काळजी कुठे करायची ते सांगतो. पैसे. गेममध्ये कपडे, बंदुकांचे रंग, नशिबाचे खोके असं विकत घ्यायला लावतात, आणि आईच्या फोनला कार्ड जोडलेलं असतं. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारायचा पर्याय आहे, आज रात्रीच चालू करा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम तर आता कायद्यानेच बंद आहेत, संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये तो कायदा केला, त्यांच्या जाहिरातींनाही मनाई आहे, तरी कुठून लिंक आली तर ती तुम्हाला दाखवायची एवढं त्याला सांगून ठेवा. दुसरं म्हणजे अनोळखी लोकांशी व्हॉइस चॅट. हेडफोन काढून स्पीकरवर खेळ म्हणा, म्हणजे घरात ऐकू येतं. आणि तिसरी झोप, रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला, मोठ्यांचे पण. मोठ्यांचे नाही ठेवले तर हा नियम टिकत नाही, हे मी आमच्या घरात बघितलंय.

मी स्वतः त्याच्याच वयाचा असताना नेट कॅफेत तासाला वीस रुपये देऊन एज ऑफ एम्पायर्स खेळायचो, दुसरा भाग, १९९९ चा. त्याच्यात राज्यांची नावं यायची, बायझंटाइन, सॅरासेन, ही कोण माणसं म्हणून मी गावच्या नगरवाचनालयात इतिहासाचं कपाट उघडून बसलो, ग्रंथपाल काकांनी विचारलं परीक्षा आहे का, म्हटलं नाही, गेममध्ये आहे. त्यांनी दोन पुस्तकं काढून दिली आणि परत करायची तारीख पण वाढवून दिली. गेमकडून पुस्तकाकडे असा रस्ता जातो, फक्त कोणीतरी मोठ्या माणसाने 'काय खेळतोयस' असं खरं कुतूहलाने विचारावं लागतं. तुम्ही विचारा. रविवारी अर्धा तास त्याला तुम्हाला शिकवू द्या. तुम्ही हराल, त्याला फार आनंद होईल.

फोन काढून घेण्याबद्दल, त्याच्या बाबांना म्हणावं तो शेवटचा उपाय म्हणून ठेवा. पण अभ्यास, झोप, बाहेर खेळणं हे सगळंच सुटलं असेल, आणि दोन महिने नियम लावूनही काही बदललं नाही, तर बालमानसतज्ज्ञांकडे जाण्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न: दादा, मी हिंजवडीत आहे, तीन वर्षं झाली. कॉलेजात असताना आठवड्याला एक पुस्तक संपायचं. आता दिवसभर स्क्रीन, जाऊन येऊन तीन तास बसमध्ये, रात्री पुस्तक उघडलं की दोन पानांत मन उडतं आणि हात फोनकडे जातो. माझं वाचन संपलं का? (बॅकएंड डेव्हलपर, मूळ गाव परभणी)

नाही रे. हा प्रश्न तुझ्या नावाने आलाय पण मला माझ्या टीममधल्या निदान चौघांनी विचारलेला आहे, आणि मी स्वतः २०१७-१८ ची दोन वर्षं यातून गेलोय, एकही कादंबरी पूर्ण झाली नव्हती तेव्हा, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटायचं, कारण घरात सगळ्यात जास्त वाचणारा म्हणून माझी ओळख होती.

मला नंतर कळलं ते असं. आपण दिवसभर वाचतच असतो पण ते वाचन वेगळं आहे. लॉग, म्हणजे सर्व्हरने लिहून ठेवलेल्या नोंदी, वाचताना आपण एरर शोधतो, बाकीच्या हजार ओळी सोडून देतो. कोड वाचताना एका फंक्शनमधून दुसऱ्यात उडी, तिथून तिसऱ्यात. चॅटवरचे मेसेज तर नुसते डोळ्याखालून जातात. म्हणजे नऊ तास आपण डोळ्यांना एकच सवय लावतो, की कामाचं तेवढं उचल आणि पुढे पळ. मग रात्री दहाला त्याच डोळ्यांसमोर कादंबरी धरायची जिच्यात पहिल्या तीस पानांत नुसता पाऊस पडतोय आणि एक म्हातारी ओसरीवर बसलीये, तर मन म्हणतं यात शोधायचं काय आहे? शोधायचं काहीच नसतं, तिथे बसायचं असतं. हा गिअर बदलायला वेळ लागतो, तो वेळ आपण देत नाही.

मी काय केलं ते सांगतो, तुला जमेल ते घे. पहिलं म्हणजे कादंबरीपासून सुरुवात नाही केली. दिवाळी अंक काढले, जुने, घरी गठ्ठा पडला होता. आपल्याकडे १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून ही सोय आहे, एका अंकात कथा, लेख, कविता, व्यंगचित्रं, सगळं वीस-पंचवीस मिनिटांत संपणारं. एक कथा संपली की काहीतरी पूर्ण झाल्यासारखं वाटतं आणि त्यावर उद्याची कथा वाचायचं बळ येतं. दीड महिना नुसत्या कथा वाचल्या. मग छोटी कादंबरी, शंभर-सव्वाशे पानांची.

दुसरं, बस. तुझ्याकडे रोज तीन तास आहेत, मला हेवा वाटतोय. पण वाकडपासून पुढे बस जशी हिंदकळते त्यात छापील पुस्तक वाचलं तर काहींचं डोकं दुखतं, तसं होत असेल तर ऑडिओबुक ऐक, मराठीत आता चांगले अभिवाचक आहेत. ऐकणं हे कमी प्रतीचं वाचन आहे असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस, आपल्या आज्या पोथी ऐकतच मोठ्या झाल्या. सकाळी ऐकायचं आणि येताना काहीही नाही, नुसतं खिडकीतून बघायचं, असं मी करायचो, कारण संध्याकाळी डोकं भरलेलं असतं.

तिसरं, रात्री फोन दुसऱ्या खोलीत. तू ऑन-कॉल असशील तर त्या आठवड्यात वाचनाचा हट्ट धरू नकोस, खरंच नको, कान फोनकडे असताना पुस्तकात शिरता येत नाही, त्या आठवड्यात मी गेम खेळतो, दहा मिनिटांत सोडता येईल असा. पण बाकीचे तीन आठवडे फोन हॉलमध्ये. गजरासाठी साधं घड्याळ घे. ई-रीडर घेतलास तरी चालेल, ई-इंकचा पडदा फोनसारखा डोळ्यात उजेड मारत नाही आणि मराठी पुस्तकं त्याच्यावर मिळतात, मी फॉन्ट मोठा करून वाचतो.

आणि एक शनिवार काढून अप्पा बळवंत चौकात जा, काहीही न ठरवता. दुकानात उभं राहून पाच पुस्तकांची पहिली दोन-दोन पानं वाच आणि जे ठेवून द्यावंसं वाटत नाही ते घे. अजून वेळ असेल तर पाचगणीजवळच्या भिलारला जाऊन ये, पुस्तकांचं गाव, २०१७ च्या मे महिन्यात सुरू झालं. घराघरांत कपाटं आहेत, एका घरात कादंबऱ्या, एका घरात विनोदी, एका घरात चरित्रं, तुम्ही ओसरीवर बसून वाचायचं, पैसे नाहीत. मी गेलो तेव्हा एका घरातल्या काकूंनी चहा दिला आणि आत निघून गेल्या, दोन तास मला कोणी हाक मारली नाही. तिथेच माझं दोन वर्षांत पहिलं पुस्तक एका बैठकीत पूर्ण झालं. तुझं पहिलं पूर्ण झालं की मला लिही, कुठलं होतं ते.

प्रश्न: मराठी पुस्तकांच्या पीडीएफ ग्रुपवर फिरतात, सगळेच वाचतात. यात चूक काय? पुस्तकं महाग झालीत. (वाचक, कोल्हापूर)

चूक आहे, स्पष्टच सांगतो. मराठीत बहुतेक पुस्तकांची आवृत्ती हजार प्रतींच्या आसपास असते, ती संपायलाही वर्षं लागतात, आणि लेखकाला जे काही मिळतं ते त्यातूनच. ग्रुपवर एक पीडीएफ दोन हजार जणांकडे जाते. मी सॉफ्टवेअर लिहून पगार घेतो, लेखकाने मात्र फुकट लिहावं असं मला म्हणता येणार नाही.

पण फुकट आणि कायदेशीर असं खूप आहे ते आधी वापरा. आपल्या कायद्यात लेखक गेल्यानंतर ६० वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लिखाण मोकळं आहे. हरि नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी दोघंही १९१९ ला गेले, त्यांचंही. मराठी विकिस्रोतावर अशी बरीच पुस्तकं आहेत आणि ती नुसती स्कॅन नाहीत, लोकांनी बसून टाईप केलेली, तपासलेली आहेत, शब्द शोधता येतो. मराठी विश्वकोश ऑनलाइन पूर्ण मोफत आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश, १८५७ ची आवृत्ती, शिकागो विद्यापीठाने ऑनलाइन ठेवलाय. आणि नव्या पुस्तकांसाठी सार्वजनिक वाचनालय लावा, महिन्याची वर्गणी बहुतेक ठिकाणी एका पिझ्झ्यापेक्षा कमी आहे.

प्रश्न: माझे बाबा आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकात सदर लिहायचे. १९९८ ते २००६, जवळजवळ साडेतीनशे लेख. सगळे त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर स्वतः टाईप केले, आई मुद्रितं तपासायची. बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या कपाटात दोन सीडी मिळाल्या, फायली उघडतायत पण मराठी दिसतच नाही, उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं दिसतात. कॅफेवाला म्हणाला फायली खराब झाल्यात. खरंच गेलं का सगळं? (वाचक, विटा)

ताई, गेलेलं नाही. फायली उघडतायत याचा अर्थ तुमच्या बाबांनी दाबलेली प्रत्येक की अजून तिथे आहे. पण पुढचं वाचायच्या आधी एक काम करा, त्या दोन्ही सीडी आजच्या आज कॉम्प्युटरवर कॉपी करा आणि त्या कॉपीची अजून एक कॉपी पेन ड्राइव्हवर. घरी लिहिलेल्या सीडीवरचा रंगाचा थर वर्षांगणिक फिका होतो, आज वाचली जाते म्हणजे पुढच्या पावसाळ्यानंतर वाचली जाईलच असं नाही. मूळ फाईल उघडून सेव्ह करायची नाही, काही करायचं ते कॉपीवर.

आता असं का दिसतं. १९९८ ला विंडोज ९८ होतं, त्याला देवनागरी कळत नव्हती. मग मराठी टाईप करायची सोय अशी केली होती की कॉम्प्युटरला वाटायचं हे इंग्रजी अक्षर आहे, पण फॉन्टमध्ये त्या अक्षराच्या जागी चित्र मराठीचं बसवलेलं असायचं. कुठे क, कुठे अर्धा क, कुठे नुसता काना. तो फॉन्ट असेल तर मराठी दिसणार, नसेल तर खालचं इंग्रजी उघडं पडणार. तुमच्या कॅफेवाल्याकडे तो फॉन्ट नाही एवढंच झालंय. आणि प्रत्येक कंपनीने ही चित्रं आपापल्या मनाने बसवली होती त्यामुळे एकाचा फॉन्ट दुसऱ्याला चालत नाही. नंतर युनिकोड सगळीकडे आलं, त्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा तक्ता आहे, क म्हणजे क च, फॉन्ट कुठलाही लावा. आपल्याला बाबांचे लेख तिकडे न्यायचेत.

फाईल उघडून मजकूर सिलेक्ट केला की वर फॉन्टचं नाव दिसतं, ते लिहून घ्या. बाबांचा जुना कॉम्प्युटर अजून माळ्यावर असेल तर तो भंगारात देऊ नका, त्याच्या विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्समध्ये तीच फाईल असणार, ती कॉपी करून नव्या मशीनवर टाका, लेख लगेच मराठीत दिसायला लागतील. तसे दिसले की प्रत्येकाची पीडीएफ काढा. ही पीडीएफ म्हणजे तुमचा पुरावा, पुढे काही बिघडलं तर ताडून बघायला. फाईल वर्डची असेल तर लिबरऑफिसमध्ये उघडेल, पेजमेकरची, म्हणजे छपाईची पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची, असेल तर जरा अवघड, त्यासाठी तुमच्या साप्ताहिकाचं काम करणारे जुने डीटीपीवाले शोधा, त्यांच्याकडे अजून ते असतं.

मग कन्व्हर्टर. त्या त्या फॉन्टमधून युनिकोड करून देणारे बरेच फुकट मिळतात. पण कुठलाही कन्व्हर्टर शंभर टक्के बरोबर करत नाही, आणि चुका ठरलेल्या जागी होतात, त्या सांगतो. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची कारण ती दिसते आधी, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर लिहिली जाते, त्यामुळे 'स्थिती', 'शक्तिमान' अशा शब्दांत ती भलत्याच अक्षराला चिकटते. रफार उलट, जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी, म्हणून 'अर्थ', 'मूर्ती' तपासा. आणि सगळ्यात जास्त आपल्या मराठीचा तो ऱ्य. हिंदीला तो लागत नाही म्हणून कित्येक कन्व्हर्टर त्याचा सरळ र्य करून टाकतात. मग 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, डोंगरातली दरी जाऊन समुद्र येतो, आणि 'आचाऱ्यांना' जेवायला वाढलं असेल तिथे 'आचार्यांना' वाढलं असं होतं. दोन्ही शब्द बरोबर असतात त्यामुळे स्पेलचेकर पकडत नाही. माणसानेच वाचावं लागतं.

गेल्या वर्षी माझ्या मित्राच्या काकांच्या कवितांसाठी आम्ही हे केलं, सत्तर कविता, दोन शनिवार-रविवार लागले. साडेतीनशे लेखांना रोज एक धरला तर एक वर्ष. घाई करू नका, तेवढं लागू द्या. प्रिन्स ऑफ पर्शिया नावाचा १९८९ चा एक गेम आहे, आमच्या पिढीने खूप खेळला, त्याचा मूळ कोड हरवलाय असं तो लिहिणारा जॉर्डन मेकनर धरून चालला होता. २०१२ साली त्याच्या वडिलांनी घरातला एक जुना खोका पाठवला, त्यात त्या फ्लॉपी निघाल्या, आणि वीस वर्षांहून जुन्या त्या फ्लॉपींवरून माणसांनी बसून सगळा कोड परत काढला, आज तो कोणीही वाचू शकतं. तुमच्या दोन सीडींवर तर साधा मजकूर आहे, तो नक्की निघेल.

झालेल्या लेखांच्या तीन प्रती ठेवा, एक घरात, एक पेन ड्राइव्हवर, एक गावाबाहेर कुणाकडे किंवा क्लाउडवर. फाईलच्या नावात तारीख आधी टाका, १९९८-०८-१५ अशी, म्हणजे आपोआप ओळीने लागतात. साप्ताहिकाची कात्रणं असतील तर तीही जवळ ठेवा, छापताना काय बदललं ते कळेल.

आणि आई पूर्वी मुद्रितं तपासायच्या असं तुम्ही लिहिलंय, तर ऱ्य आणि रफार शोधायला त्यांच्याइतकं योग्य माणूस दुसरं कोणी नाही. स्क्रीनवर नका दाखवू. पहिला लेख १६ पॉइंटमध्ये प्रिंट करा, दोन ओळींमध्ये भरपूर जागा सोडा, समासही रुंद ठेवा, आणि टोक केलेल्या पेन्सिलीबरोबर त्यांच्याकडे द्या.